थायलंडचा राजदुखवटा (२०१६-१७)

थायलंडचे राजे भूमिबोल अदुल्यदेज (राम नववे) यांच्या निधनानंतर देशभर पाळला गेलेला वर्षभराचा दुखवटा. राजांचे निधन १३ ऑक्टोबर २०१६ रोजी बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात झाले आणि अंत्यसंस्कार २६ ऑक्टोबर २०१७ रोजी. ९ जून १९४६ पासून सत्तर वर्षे तेच गादीवर होते. सत्तरीच्या आतल्या थाई माणसाने दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. नोटांवर, कचेरीत, खानावळीच्या भिंतीवर एकच चेहरा. त्यांचा जन्मदिवस, ५ डिसेंबर, हाच देशाचा पितृदिन. लोक त्यांना बोलताना ‘फो’, म्हणजे बाबा, म्हणत.

या दुखवट्याची भाषा मराठी वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. राजांचे नाव म्हणजे आपले ‘भूमिबल अतुल्यतेज’. राजाच्या मृत्यूसाठी थाईत ‘सवन्खोत’ हा खास शब्द आहे. त्यात स्वर्ग आणि गत हे दोन्ही ओळखू येतात. चितास्थळाला ‘मेरू’ म्हणतात, कारण ते मेरू पर्वताचे प्रतीक. लोकांच्या काळ्या सदऱ्यांवर ‘माझा जन्म नवव्या रच्चकानात झाला’ अशा अर्थाचे वाक्य छापलेले असे. रच्चकान म्हणजे राज्यकाल.

सरकारी नोकरांना वर्षभर दुखवटा पाळायचा होता. इतरांना तीस दिवस करमणूक टाळायला सांगितले होते. दूरचित्रवाणीचे रंग काही काळ गेले. बाजारातले काळे कपडे संपले, उरलेल्यांचे भाव चढले, तेव्हा जागोजागी फुकट रंगवून देण्याची सोय झाली. मोठ्या पातेल्यांत काळा रंग उकळतोय, स्वयंसेवक काठीने कपडे ढवळताहेत आणि लोक घरातले असतील ते सदरे पिशवीत घेऊन रांगेत उभे आहेत, असे दृश्य त्या दिवसांत दिसे. आधीच्या दशकात लाल सदरा आणि पिवळा सदरा ही दोन भांडणाऱ्या राजकीय गोटांची खूण होती. पातेल्यातून मात्र दोन्ही काळेच निघत. ज्यांना तेही जमले नाही, त्यांनी बाहीला काळी फीत लावली.

हे सारे मनापासून होते की धाकाने, असा प्रश्न बाहेरचे लोक विचारत. खरे तर दोन्ही एकत्रच होते. देशात २०१४ पासून लष्करी राजवट होती आणि राजाच्या अवमानाला तीन ते पंधरा वर्षे कैद देणारे कलम ११२ लागू होते. पहिल्याच आठवड्यात को समुई बेटावर राजघराण्याविषयी वावगे लिहिल्याच्या आरोपावरून एका स्त्रीला जमावासमोर राजाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकायला लावले गेले. पण मोटारसायकल-टॅक्सीवाले शोकाकुलांना फुकट पोहोचवत होते आणि राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर जेवण-पाणी वाटले जात होते, ते कोणत्याही कलमामुळे नव्हे. राजवाड्यात ठेवलेल्या पार्थिवाचे दर्शन वर्षभरात सव्वा कोटींहून अधिक वेळा घेतले गेले. लोकसंख्या सात कोटींच्या आत. काहीजण पुन्हा पुन्हा आले असणार हे धरले, तरी आकडा मोठाच.

युवराज वजिरालोंगकोर्न यांनी शोकासाठी अवधी मागून घेतला आणि १ डिसेंबर २०१६ रोजी राजपद स्वीकारले. त्यांची कारकीर्द मात्र मागे नेऊन १३ ऑक्टोबरपासूनच मोजली जाते.

अंत्यसंस्कारासाठी सनाम लुआंगवर सुमारे ५० मीटर उंचीचे चितास्थळ उभारले गेले. त्याला नऊ शिखरे, भोवती देवतांच्या आणि पौराणिक प्राण्यांच्या मूर्ती. राजांच्या लाडक्या कुत्र्याचीही मूर्ती त्यांत होती. मिरवणुकीतला महाविजय राजरथ १७९५ मधला, सुमारे चौदा टनांचा; तो दोनशेहून अधिक माणसांनी दोर लावून ओढला. ज्यांना बँकॉकला येणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी प्रांतोप्रांती चितास्थळाच्या प्रतिकृती होत्या. तिथे प्रत्येकाने एकेक ‘चंदनफूल’ वाहिले. ही फुले नावापुरतीच चंदनाची; कागदाच्या किंवा लाकडाच्या पातळ पट्टीच्या पाकळ्या कातरून स्वयंसेवकांनी ती कित्येक महिने हाताने वळली होती. एका बाजूला हा खटाटोप, तर दुसरीकडे घरोघर, रस्तोरस्ती झेंडूची लागवड. राजांचा जन्म सोमवारचा आणि थाई परंपरेत सोमवारचा रंग पिवळा. दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण लावणाऱ्यांना शोकाचा झेंडू चमत्कारिक वाटेल, पण तिथे तो राजाचा रंग होता.

प्रतीकात्मक अग्नी संध्याकाळी दिला गेला. प्रत्यक्ष दहन रात्री उशिरा झाले आणि ते थेट प्रक्षेपणात दाखवले नाही. काळ्या कपड्यांतली माणसे मैदानाभोवती बसून शिखराच्या दिशेने धूर दिसतो का ते पाहत होती. पुढे चितास्थळ काही आठवडे लोकांना पाहायला खुले ठेवले आणि मग रीतीप्रमाणे उतरवले.