राखेतून फुगलेला पॅनकेक

इंग्लंडमधल्या ओल्नी गावात दरवर्षी एका मंगळवारी बायका हातात तवा घेऊन धावत सुटतात. ईस्टरआधीचे ख्रिस्ती लोकांचे लेंटचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची ही शर्यत. अंतर ४१५ यार्ड, शेवट चर्चपाशी. तव्यात पॅनकेक असतो आणि तो उडवून पुन्हा तव्यातच झेलायचा असतो. ही प्रथा १४४५ सालापासूनची, असं गावकरी सांगतात. १९५० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं लिबरल नावाचं गाव या चढाओढीत उतरलं. तेव्हापासून दोन्ही गावं तेवढ्याच अंतराची शर्यत भरवून वेळ ताडून बघतात.

वेळ ताडता येते, पॅनकेक मात्र ताडता येत नाही. युरोपियन पॅनकेक पातळ आणि अमेरिकन जाड, असं का? इंग्लंडच्या घरात त्या दिवशी ताटात येतो तो पातळ, लवचीक, सहज घडी पडणारा, वर लिंबू पिळून साखर भुरभुरवलेला. अमेरिकेत न्याहारीला मिळतो तो तळहाताएवढा, जाड आणि स्पंजासारखा, तीन-चार एकावर एक रचलेला. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत बोलायचं तर एक घावनाच्या कुळातला, दुसरा जाडसर उत्तप्प्याच्या.

साहित्य बघायला गेलं तर दोन्हीकडे मैदा, दूध, अंडं, लोणीच. प्रमाण बदलतं. फ्रान्समध्ये क्रेपसाठी, म्हणजे तिथल्या पातळ पॅनकेकसाठी, साधारण २५० ग्रॅम मैद्याला अर्धा लिटर दूध आणि चार अंडी घेतात. पीठ इतकं सरसरीत की तव्यावर ओतलं की पळतच सुटतं. अमेरिकन पीठ कपाला जेमतेम कपभर दूध घालून पळीवाढं ठेवतात. आणि त्यात चमचाभर पांढरी पावडर पडते, जी क्रेपच्या पिठात नसते. सगळा इतिहास त्या चमच्यात आहे.

आंबवण्यासाठी यीस्ट लागतं आणि यीस्टला वेळ लागतो. रशियन ब्लिनी किंवा डच पोफर्चेस हे पॅनकेक अशा सावकाश आंबवलेल्या पिठाचे असतात. अमेरिकेत वसलेल्या लोकांकडे यीस्ट जपत बसण्यापेक्षा एक गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे राख. शेतीसाठी जंगलं तोडायची, ओंडके जाळायचे, उरलेल्या राखेतून पाणी झिरपवायचं आणि ते लोखंडी कढईत आटवायचं. जे उरतं ते पोटॅश. इंग्रजीत या शब्दाचा अर्थच मुळी भांड्यातली राख. ते भट्टीत आणखी भाजलं की पांढरं पर्लअ‍ॅश मिळतं, म्हणजे बऱ्यापैकी शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट. काच आणि साबण बनवायला त्याला एवढी मागणी होती की ३१ जुलै १७९० रोजी अमेरिकेने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या पोटॅश आणि पर्लअ‍ॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीला मिळालं. त्यावर सही जॉर्ज वॉशिंग्टन यांची.

पर्लअ‍ॅश अल्कधर्मी असतं. आंबट दुधाशी किंवा ताकाशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. १७९६ मध्ये छापल्या गेलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पाकपुस्तकात बिस्किटांच्या आणि आल्याच्या केकच्या पिठात पर्लअ‍ॅश घातलेलं दिसतं. रात्रभराचं काम मिनिटावर आलं. एक खोट होती. पिठातल्या लोण्याशी संयोग होऊन पर्लअ‍ॅशचा चक्क साबण व्हायचा, आणि ती चव तोंडात रेंगाळायची. पुढे खायच्या सोड्याने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटने, त्याची जागा घेतली. ढोकळ्याच्या पिठात इनो घालताच ते फसफसून वर येतं, ती हीच क्रिया. इनोत सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असतं, म्हणून ताकही लागत नाही.

सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात भरण्याची ही युक्ती खरं तर इंग्लंडची. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. पण पॅनकेकमध्ये ती रुजली अमेरिकेत. हार्वर्डमधल्या एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये तिच्यासाठी कॅल्शियमचं आम्लधर्मी फॉस्फेट बनवण्याचं पेटंट घेतलं. इंग्लंडच्या पॅनकेकला तिची गरजच नव्हती, असं माझं मत. तिथे हेतू होता उपवासाआधी घरातली अंडी, दूध, लोणी संपवण्याचा. फुगवायचंय कोणाला!

आज मिळणारी बेकिंग पावडर बहुधा दोनदा काम करते. तिच्यातलं एक आम्ल पीठ भिजताच वायू सोडायला लागतं, दुसरं तव्याची आच लागल्यावर जागं होतं. म्हणून अमेरिकन पीठ थोडा वेळ तसंच राहिलं तरी पॅनकेक बसत नाही.

पण ते फार घोटलं तर बसतो, निदान चिवट तरी होतो. मैद्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिनं पाण्यात भिजून, ढवळली जाऊन एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं जाळं विणलं जातं. पोळीला ते हवं, मऊ पॅनकेकला नको. म्हणून अमेरिकन पाककृतीत गुठळ्या राहिल्या तरी चालतील, पण हात आवरा, अशी सूचना असते. आपल्या आज्यांना हे वाचून घेरी येईल. क्रेपवाले मात्र पीठ एकजीव घोटतात आणि मग तासभर झाकून ठेवतात. तेवढ्यात स्टार्च पाणी पितं, ताणलेलं ग्लुटेन सैलावतं आणि घोटताना शिरलेली हवा निघून जाते. अमेरिकन स्वयंपाकी जी हवा कोंडायला धडपडतो, तिला फ्रेंच स्वयंपाकी वाट करून देतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या गालेत या बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, पॅनकेकमध्ये तर ग्लुटेन नसतंच, आपल्या तांदळाच्या घावनासारखं.

तव्यावर पडल्यावर खेळ वाफेचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इयान ईम्स आणि डोळ्यांचे सर्जन पेंग खॉ यांच्या चमूने २०१६ मध्ये जगभरातल्या चौदा पॅनकेक-पाककृती तपासल्या. जाड पिठाखाली वाफ अडकते आणि तळाला वेडेवाकडे खड्डे पडतात. पातळ पिठातून ती आरपार निसटते, म्हणून रंग एकसारखा येतो आणि वाफ निघाली तिथे बारीक गडद ठिपके उरतात. पसरटपणाचं माप काढलं तर पोफर्चेसचं आलं ३ आणि क्रेपचं ३००. सर्जनला यात काय रस? लवचीक पडद्यातून द्रव आणि वाफ कशी वाट काढते, हे काचबिंदूच्या शस्त्रक्रियेतही कामाला येतं.

‘युरोपियन’ हा शब्द मी इथे जरा सैलच वापरला आहे, हे कबूल. स्कॉटलंडमधले छोटे जाड पॅनकेक सोड्यावर किंवा बेकिंग पावडरवरच फुगतात आणि अमेरिकन चुलतभावंडांमध्ये सहज खपून जातील.

राहिला पाक. स्पंजासारखा पॅनकेक त्याच्या असंख्य छिद्रांत पाक शोषून घेतो. क्रेपवर ओतलात तर तो ओघळून ताटात जमेल. अमेरिकेत हा पाक मेपलचा, साधारण ४० लिटर रस आटवून एक लिटर होणारा. आणि पोटॅशसाठी राख लागायची ती कठीण लाकडाच्या झाडांची: एल्म, बीच आणि साखरी मेपल.