रुग्णालयाच्या कारभाराला गुण कसे द्यायचे?

1863 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी छापलेल्या एका तक्त्यात लंडनच्या 24 रुग्णालयांचा मृत्युदर 90 टक्क्यांहून जास्त दाखवला होता. दाखल झालेल्या दहांपैकी नऊ जण दगावत होते का? मुळीच नाही. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठरावीक दिवशी रुग्णालयात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागलं होतं. एका खाटेवर वर्षभरात कितीतरी रुग्ण येऊन जातात, हे त्यात धरलंच नव्हतं. डॉक्टरांनी त्यावर सडकून टीका केली, आणि ती रास्तच होती.

आज असा भागाकार कुणी करत नाही. तरी मृत्युदरावरून सरकारी रुग्णालयांची तुलना करणं जोखमीचंच आहे. इतरांनी हात टेकलेले रुग्ण जिथे पाठवले जातात, तिथे मृत्यू जास्त होणारच. वय, आधीचे आजार, दाखल होतानाची अवस्था यांचा हिशेब करून आकडे सुधारता येतात, पण कारभार कसा चालतो ते त्यातून कळत नाही.

मग कारभारच मोजला तर? अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन यांनी कारखान्यांसाठी तयार केलेली पद्धत 2006 मध्ये इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना लावली गेली. हृदयरोग आणि अस्थिरोग विभागांतले डॉक्टर व व्यवस्थापक यांच्याशी फोनवर बोलायचं. "कामाचा आढावा घेता का?" असं विचारलं तर कुणीही 'हो' म्हणेल. म्हणून प्रश्न मोकळे ठेवले: रुग्ण आल्यापासून घरी जाईपर्यंत काय काय होतं? अडचण आली तर ती कोणाच्या लक्षात येते, पुढे काय करतात? सतत कामात कमी पडणाऱ्याचं काय होतं? अलीकडचं उदाहरण सांगा. उत्तरांना 1 ते 5 गुण. आपल्याला गुण दिले जाताहेत हे बोलणाऱ्याला माहीत नसतं, आणि रुग्णालयाची कामगिरी कशी आहे हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तपासणीची तारीख आधी कळली की कोणतंही रुग्णालय चकचकीत होतं.

ज्यांना जास्त गुण, तिथे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचणाऱ्यांचं प्रमाणही जास्त आढळलं. मात्र यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला? कदाचित चांगल्या रुग्णालयाकडेच चांगले व्यवस्थापक जात असतील. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, जवळ दुसरं रुग्णालय असलं तर कारभार सुधारतो का? तेव्हा इंग्लंडमध्ये रुग्णाला चार-पाच रुग्णालयांतून निवड करता येऊ लागली होती आणि रुग्ण जिथे जाईल त्या रुग्णालयाला पैसा मिळत होता, त्यामुळे सरकारी रुग्णालयांतही चुरस होतीच.

उत्तर सापडलं ते निवडणुकांच्या निकालांत. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावच्या रुग्णालयातला आपत्कालीन विभाग बंद झाल्यावर 2001 मध्ये रिचर्ड टेलर हे निवृत्त डॉक्टर अपक्ष उभे राहिले आणि सत्ताधारी पक्षाच्या मंत्र्याला 17 हजारांहून जास्त मतांनी पाडून खासदार झाले. अशी भीती असल्याने, जिथे लढत अटीतटीची तिथे सरकार सहसा रुग्णालय बंद करत नाही. मतांचा फरक किती, याचा व्यवस्थापकाच्या कुवतीशी काही संबंध नाही. पण त्या भागात किती रुग्णालयं टिकली, याच्याशी आहे. म्हणजे राजकारणानेच संशोधकांना जवळपास एक प्रयोग करून दिला. अशा भागांत रुग्णालयं जास्त होती, कारभाराचे गुण चढे होते आणि हृदयविकाराचे रुग्णही जास्त वाचत होते.

पुढे इतर देशांतही हेच सर्वेक्षण झालं. देशादेशांत फरक दिसलाच, पण एकाच देशातल्या रुग्णालयांतली तफावतही मोठी निघाली. ज्यांच्या व्यवस्थापकांना वैद्यकीय पार्श्वभूमी होती, ती रुग्णालयं सरस ठरली. मला वाटतं, वॉर्डात उभं राहून काम केलेल्या माणसाला नर्स आणि डॉक्टर सहजासहजी गुंडाळू शकत नाहीत, हे त्यामागचं एक कारण असावं.

चांगल्या कारभाराच्या 'उद्दिष्टं ठरवा, पाठपुरावा करा' या सूत्राचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. इंग्लंडच्या मिड स्टॅफर्डशर या सरकारी रुग्णालय संस्थेत उद्दिष्टं होती, त्यांचा पाठपुरावाही होता. पण लक्ष खर्चाच्या ताळेबंदावर आणि वरून आलेल्या आकड्यांवर. नर्स अपुऱ्या पडल्या आणि रुग्णांचे हाल झाले. 2013 च्या चौकशी अहवालात ते सविस्तर नोंदलं आहे. म्हणूनच कारभार मोजणाऱ्या या प्रश्नावलीत उद्दिष्टं किती आहेत एवढंच पाहत नाहीत. ती फक्त पैशांची आहेत की उपचारांच्या दर्जाचीही, हे विचारून त्याचे वेगळे गुण देतात.