टोंकिनच्या आखातात नेमकं काय घडलं?

'व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेने टोंकिनचा हल्ला साफ रचला' हे अर्धंच खरं. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो बोटी अमेरिकेच्या 'मॅडॉक्स' या विनाशिकेवर (युद्धनौकेवर) खरोखरच चालून आल्या होत्या. घोळ आहे तो ४ ऑगस्टच्या रात्री झाल्याचं सांगितल्या गेलेल्या दुसऱ्या हल्ल्याचा. खराब हवामानात रडारवर भलतेच ठिपके उमटले, आणि सोनारवाल्यांनी (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्यांनी) बहुधा स्वतःच्याच जहाजाच्या वळणांचा आवाज टॉर्पेडोचा मानला. तिथल्या अमेरिकी जहाजांचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनी काही तासांतच शंका कळवली. तरी अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक केलीच. ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव अमेरिकी संसदेत मंजूर: प्रतिनिधीगृहात ४१६-०, सिनेटमध्ये ८८-२. २००५ मध्ये खुल्या झालेल्या गुप्तचर कागदपत्रांनुसार, दुसऱ्या हल्ल्याला खोटं ठरवणारे बहुतेक टिपलेले संदेश अहवालांतून वगळलेच गेले होते. म्हणजे लबाडी होती, पण ती या गाळणीत.