रिकामी गाडी जड का वळते?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका गोदामात, जानेवारीच्या सकाळी, फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर वैतागला होता. "साहेब, माल घेतला की वळते, रिकामी असली की हात भरून येतात. उलटंच आहे सगळं!" सुपरवायझर हसला, पण ड्रायव्हर बरोबर बोलत होता.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, आणि मागेच तिचं लोखंडी काउंटरवेट, म्हणजे मालाचा तोल सांभाळणारं वजन असतं. रिकाम्या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन त्या चाकांवर येतं. फोर्कवर, म्हणजे पुढच्या काट्यांवर, पुरेपूर माल घेतला की पुढचा अॅक्सल टेकू बनतो आणि मागचा भार खूपच उतरतो. म्हणजे स्टिअरिंगची खरी परीक्षा रिकाम्या गाडीत.

एरवी ही परीक्षा ड्रायव्हरला जाणवतही नाही, कारण जोर त्याचा नसतो. स्टिअरिंग आणि चाकं यांना जोडणारा दांडाच बहुतेक गाड्यांत नसतो. स्टिअरिंगच्या चक्राखालचा ऑर्बिट्रॉल नावाचा व्हॉल्व्ह फक्त मोजून ऑईल सोडतो, चाकं ढकलायचं काम सिलिंडरचं. ऑईलचा दाब ८० बार आणि पिस्टनचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर धरा: सुमारे १,६०० किलो वजनाइतका जोर झाला. इंजिन बंद केल्यावर मात्र तोच ऑर्बिट्रॉल हातपंप होतो, आणि मग दंड दुखतात.

मिस्त्री लोक लगेच ऑर्बिट्रॉल खोलायला धावतात. मला ते पटत नाही. तो महाग, नाजूक, आणि बऱ्याचदा निर्दोष असतो. आधी मागची बाजू जॅकवर घ्यावी, पुढच्या चाकांना अडण्या आणि खाली लाकडी ठोकळे लावून. चाकं अधांतरी असूनही चक्र जड फिरलं, तर किंगपिनचं (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं) बेअरिंग, सुकलेलं ग्रीस किंवा स्टिअरिंग कॉलम पाहा. चक्र फिरतंय पण चाक जागचं हलत नाही, तर ऑईल आतल्या आत निसटतंय. सिलिंडरचं सील गेलं असेल किंवा ऑर्बिट्रॉल झिजला असेल. त्याची पाळी आता.

आणि मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा? बऱ्याच गाड्यांत एकाच पंपाचं ऑईल प्रायॉरिटी व्हॉल्व्हपाशी वाटलं जातं, पहिला मान स्टिअरिंगचा. मास्ट झपकन चढतो आणि फक्त स्टिअरिंग जड, तर पंप ठीक. दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे. दोन्ही मंद असतील तर पंपाकडे, टाकीकडे वळायचं. (गळती शोधताना पुठ्ठा फिरवावा, बोट कधीच नाही. बारीक छिद्रातून सुटलेलं ऑईल कातडी भेदून आत शिरतं.)

मकरपुऱ्याच्या गाडीत दोन्ही मंद होते, पंप शीळ घालत होता आणि दुपारपर्यंत सगळं सुधारायचं. ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑईल १५ अंशांना असतं, तेव्हा ४० अंशांच्या मानाने चौपटीहून जास्त दाट असतं. पण थंडी सगळ्याच गाड्यांना लागते. त्या गोदामातल्या बाकीच्या दोन ठीक वळत होत्या. म्हणून टाकीतला स्ट्रेनर काढला. जाळीवर पांढऱ्या टेफलॉन टेपच्या चिंध्या चिकटल्या होत्या. कुणीतरी होज जोडताना सढळ हाताने गुंडाळलेल्या. कोमट, पातळ ऑईल त्यांतून कसंबसं वाट काढायचं, सकाळचं दाट ऑईल अडायचं आणि पंप उपाशी राहायचा.