पोळ्याचा कासरा आणि खलाशाची पिशवी

पोळा जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या बाजारात कासरे, म्होरक्या, गोंडे टांगलेले दिसतात. त्यातली एखादी गोल चौपेडी वेणी हातात घेऊन बघा. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी आपल्या कॅनव्हासच्या पिशवीचा बंद अशाच वेणीने गुंफत. समुद्र खानदेशापासून कितीही लांब असो, दोराला धरून ठेवणारं बळ दोन्हीकडे एकच: घर्षण.

कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. त्याचा लांबच लांब दोर होतो तो पिळामुळे. सूत एका दिशेने पिळतात, अशी सुतं एकत्र करून पेड उलट दिशेने वळतात आणि तीन पेडांचा दोर पुन्हा उलट. पेड उलगडू पाहतो तेव्हा दोराचा पीळ आणखी घट्ट होतो, म्हणून दोर आपोआप सुटत नाही. ताण दिला की तंतू एकमेकांवर आवळले जातात. जितकं ओढाल तितकी पकड वाढते. मला ही रचना माणसाच्या थोर शोधांपैकी एक वाटते.

खुंट्याला दाव्याचे वेढे देताना हेच घर्षण कामी येतं. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने त्याचं गणित मांडलं. घर्षणांक, म्हणजे दोर आणि खुंटा एकमेकांना किती अडवतात त्याचा आकडा, ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने पकड साडेसहा पट होते, तीन वेढ्यांनी २८० पटींच्या पुढे जाते. म्हणून जहाजाच्या नांगराचा जाड दोर चार माणसांना रोखता येई.

खलाशी पिशवी स्वतःच शिवत. शिडाचं जाड कापड, मेण लावलेला दोरा आणि सुई रेटायला तळहातावर धातूची चकती बसवलेला चामड्याचा पट्टा. पिशवीच्या तोंडाशी बंद ओवायची भोकं फाटू नयेत म्हणून तिथे दोराची कडी शिवून बसवत. ही कडी करायला एकच पेड स्वतःभोवती तीनदा फिरवतात. तीन पेडांचा अखंड गोल तयार होतो, जोड मात्र शोधावा लागतो.

कापड भिजलं की तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाही. विणीतली छिद्रं बुजतात आणि आतले कपडे बऱ्यापैकी कोरडे राहतात. पावसात सुती दावं आखडतं आणि गाठ सुटता सुटत नाही, तेही यामुळेच: फुगलेल्या दोरात पेडांना जास्त मोठा वळसा घ्यावा लागतो, मग लांबी कमी होते.

नक्षीलाही काम असे. सुकाणूच्या चाकाच्या एका आऱ्यावर पगडीसारखी गुंफलेली गाठ बांधत. ती सर्वांत वर आली की सुकाणू सरळ आहे, हे काळोख्या रात्री नुसत्या हाताला कळे. मुठींवर दोर गुंफत तो ओल्या हातातून मूठ निसटू नये म्हणून. जुन्या वस्तूंवर ही गुंफण हातांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली दिसते.

अशी जुनी पिशवी किंवा आजोबांचा कासरा घरात असेल, तर ओलसर कोठीत ठेवू नका. बुरशी तंतूतलं सेल्युलोज खाते आणि वरून धड दिसणारा दोर आतून तुटत जातो.