कॅनडाची नाणी जमवायला सुरुवात करताय? नव्या संग्राहकांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

दुकानात नवीन आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे सगळ्यांत दुर्मीळ काय आहे?" आमचं सांगणं असं, की दुर्मीळ नाण्यांच्या मागे इतक्यात लागू नका. आधी एक छोटी मालिका पुरी करा. ती पुरी करताना नजर बसते आणि पुढचे पैसे योग्य नाण्यावर पडतात.

पहिली मालिका: सहाव्या जॉर्जची पेनी, 1937 ते 1952

ही ब्राँझची एक सेंटची नाणी आहेत. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला डहाळीवर मेपलची पानं. सगळी सालं सहज मिळतात. सालं 16, पण नाणी 17 घ्यावी लागतात, कारण 1947 सालची पेनी दोन प्रकारची आहे. आमच्या मराठी ग्राहकांना आम्ही हा संच सुचवतो तो या सतराव्या नाण्यासाठी.

1947 पर्यंतच्या कॅनडाच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याभोवती लॅटिनमध्ये त्याचे किताब कोरलेले असत आणि शेवटी 'इंड इम्प' अशी आखूड अक्षरं येत. अर्थ, हिंदुस्थानचा सम्राट. 15 ऑगस्ट 1947 नंतर हा किताब नाण्यावर ठेवता येईना. पण नव्या मजकुराचे ठसे लंडनहून यायचे होते, त्यांना उशीर झाला, आणि इकडे बाजारात तर नाण्यांची टंचाई. मग ओटावाच्या टांकसाळीनं 1948 मध्येही जुन्याच ठशांनी, 1947 हेच साल ठेवून नाणी पाडली. ती वेगळी ओळखू यावीत म्हणून सालाशेजारी मेपलचं एक इवलंसं पान घातलं.

दहापट दाखवणारं भिंग घ्या, नाणं दिव्याखाली थोडं तिरकं धरा आणि 7 या आकड्याच्या उजवीकडे पाहा. चांगल्या नाण्यावर पानाची टोकं दिसतात. जास्त झिजलेल्या नाण्यावर तिथे फक्त बारीकसा उंचवटा उरतो, त्यामुळे घाईत ते निसटतं. आता शेजारी 1948 ची पेनी ठेवा आणि राजाची बाजू वर करा. 'इंड इम्प' गेलेलं आहे, मजकूर 'रेक्स' म्हणजे राजा या शब्दावर संपतो. साधी 1947, पानाची 1947 आणि 1948 अशी तीन नाणी ओळीनं मांडली, की आपला देश स्वतंत्र झाल्याची कॅनडात झालेली नोंद तळहातावर येते. वापरलेल्या पण नीटस अवस्थेत ही तिन्ही मिळून एका कॉफीच्या पैशांत मिळतात. मुलांना द्यायला याहून चांगली भेट आमच्या दुकानात नाही.

याच उशिरामुळे 1948 साल घातलेली नाणी पाडायला फार थोडा वेळ उरला. त्या सालचे चांदीचे डॉलर जेमतेम 18,780 निघाले. म्हणूनच तो डॉलर महाग आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही होतात. टोरांटोच्या आयसीसीएससारख्या, नाणी पारखून दर्जा ठरवणाऱ्या संस्थेनं तपासून सीलबंद केलेला नसेल तर तो घेऊ नका, आमच्याकडूनसुद्धा.

सुट्ट्या पैशांत काय सापडतं?

पेनी 2012 मध्ये पाडायची बंद झाली आणि फेब्रुवारी 2013 पासून तिचं वाटपही थांबलं. त्यामुळे ती आता डब्यांत, बरण्यांत सापडते, गल्ल्यात नाही. क्वार्टर, म्हणजे 25 सेंटची नाणी, मात्र अजून फिरतात. बँकेतून दहा डॉलरचा रोल मागून घ्या, त्यात 40 क्वार्टर असतात. 1992 चे प्रांत आणि प्रदेशांचे बारा क्वार्टर, 1999 आणि 2000 चे दर महिन्याचे, 2004 चा लाल पॉपीच्या फुलाचा, एवढं शोधायला घेतलं तरी काही महिने मजेत जातात. चांदीची नाणी रोलमध्ये मिळतील ही आशा मात्र ठेवू नका. जुन्या धातूची नाणी टांकसाळ 2004 पासून पद्धतशीरपणे परत गोळा करते आहे.

1973 चा घोडेस्वार पोलिसाचा क्वार्टर बरेच जण जपून ठेवतात. तो 13 कोटींहून जास्त निघाला आहे, त्यामुळे त्याची किंमत सहसा 25 सेंटच. राणीचा चेहरा जरा मोठा आणि कडेचे ठिपके काठाला अगदी लागून असतील तर तो खरंच दुर्मीळ प्रकार आहे. शंका असेल तर घेऊन या, पाहून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

चांदी कोणती?

1920 ते 1966 पर्यंतचे डाइम (10 सेंट), क्वार्टर, अर्धा डॉलर आणि डॉलर यांत 80 टक्के चांदी आहे, 1919 पर्यंतच्या नाण्यांत 92.5 टक्के. 1967 मध्ये डाइम आणि क्वार्टर 80 आणि 50 अशा दोन्ही प्रमाणांत निघाले, ते नुसत्या नजरेनं वेगळे करता येत नाहीत. 1968 च्या डाइम-क्वार्टरला चुंबक लावा. चिकटला तर निकेल धातूचा, नाही तर 50 टक्के चांदी.

त्यातही 1967 चा संच आमच्या विशेष आवडीचा. देशाच्या शताब्दीसाठी चित्रकार अ‍ॅलेक्स कोलव्हिल यांनी सेंटवर पारवा, निकेल म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावर ससा, डाइमवर मॅकरेल मासा, क्वार्टरवर बॉबकॅट हे रानमांजर, अर्ध्या डॉलरवर लांडगा आणि डॉलरवर उडता हंस काढला. सहाही नाणी एकदम घेता येतात.

कृपया नाणी घासू नका

देवघरातली तांब्याची भांडी चिंचेनं, पितांबरीनं लख्ख करायची आपली सवय. पेनीला ती लावली की वरचा मूळ थर निघून जातो, रंग भडक गुलाबी होतो आणि संग्राहकाच्या लेखी नाणं बाद. ते पुन्हा पूर्ववत करता येत नाही. काळपट पेनी काळपटच राहू द्या. नाणं कडेनं धरा, खाली मऊ कापड असू द्या. स्वस्त, मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाण्यांवर हिरवा चिकट थर चढतो, म्हणून मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट वापरा. तिच्या पिना पकडीनं दाबून सपाट करा, म्हणजे शेजारच्या नाण्याला ओरखडा जाणार नाही.

खरेदी-विक्रीबद्दल

कॅटलॉगमधली किंमत ही ग्राहकानं द्यायची साधारण किंमत असते. तेच नाणं विकायला आणलंत तर कोणताही दुकानदार त्याहून कमी देईल, आम्हीही. नाण्याच्या अवस्थेनं किमतीत दहापट फरक पडू शकतो, म्हणून एमएस-63 चा, म्हणजे न वापरलेल्या नाण्याच्या एका दर्जाचा, दर पाहून झिजलेलं नाणं घेऊ नका. टांकसाळीची नवी रंगीत स्मारक नाणी सुंदर असतात, आवडली तर जरूर घ्या. पण गुंतवणूक म्हणून घेऊ नका, कारण परत विकताना त्यांतल्या बहुतेकांना फक्त धातूचा भाव मिळतो.

सुट्ट्या पेनींचा डबा काउंटरवर उघडा ठेवलेला असतो, शेजारी भिंग आहे. बसून हवी तेवढी नाणी पाहा. आमच्याकडून घेतलेलं नाणं खोटं निघालं तर पूर्ण पैसे परत मिळतील, फक्त पावती जपून ठेवा.