रशियाला निघण्याआधी: आमच्या प्रवाशांसाठी

बुकिंगला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "थंडी झेपेल का हो?" झेपेल. तिथली घरं, दुकानं, रेल्वेचे डबे आतून छान उबदार असतात, त्यामुळे एकाच जाडजूड कोटापेक्षा काढता-घालता येतील असे तीन-चार कपडे एकावर एक घालावेत. जमवायचा असतो तो वेळ. अकरा टाइम झोनचा हा देश आठ दिवसांत 'उरकता' येत नाही. म्हणून या सहलीत आम्ही मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग ही दोनच शहरं ठेवली आहेत.

मॉस्कोत लाल चौक आणि क्रेमलिन तर बघालच, पण एक अख्खी दुपार मेट्रोसाठी ठेवली आहे. १९३५ साली सुरू झालेल्या या मेट्रोची जुनी स्थानकं संगमरवर, झुंबरं आणि मोझेइकनी सजलेली आहेत. 'प्लोश्चद रेव्होल्यूत्सी' स्थानकावर सीमारक्षकाच्या पुतळ्याशेजारी काशाचा कुत्रा आहे. येणारे-जाणारे शुभ म्हणून त्याच्या नाकाला हात लावतात. बाकीचा कुत्रा काळपट, नाक मात्र सोन्यासारखं लखलखीत. मॉस्कोतच परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे. २०२२ मध्ये बसवलेला हा पुतळा पाहायला आम्ही आवर्जून नेतो. उलट दिशेचा प्रवासीही आपल्याला परका नाही: पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन आपल्या चौलला उतरला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

पीटर्सबर्गला जूनमध्ये रात्र धड काळी होतच नाही. मध्यरात्रीनंतर जहाजांना वाट देण्यासाठी नेवा नदीवरचे पूल मधोमध उघडतात. त्या दिवशी दुपारी झोप काढा, पण हे चुकवू नका. हर्मिटेज संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यानुसार दिवस लावले आहेत.

कुणाच्या घरी गेलात तर चपला-बूट दाराशीच काढा. उंबरठ्यावरून हात मिळवू नका, वस्तू देऊ-घेऊ नका. आपल्या आजीचाच नियम! फुलं नेलीत तर विषम संख्येत, कारण सम संख्येची फुलं अंत्यविधीला वाहतात. चर्चमध्ये बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, पुरुषांनी टोपी काढावी. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास 'मास्लेनित्सा' असते. आठवडाभर घरोघरी 'ब्लिनी', म्हणजे घावनासारखे पातळ गोल पोळे होतात आणि शेवटी थंडीचा पेंढ्याचा पुतळा जाळतात. होळीच समजा.

शाकाहाऱ्यांसाठी एक शब्द पाठ करून ठेवा: 'पोस्नये', म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं. मासे मात्र कधीकधी असतात, तेवढं विचारून घ्या. बीटाचं 'बोर्श' सूप बहुधा मांसाच्या पाण्यातच शिजवलेलं असतं.

भारतातली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं २०२२ पासून तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा बरोबर घ्या. ई-व्हिसाचा अर्ज आम्ही भरून देतो. पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तपासून सही करा.

प्रवासाला निघताना सामानाजवळ क्षणभर गप्प बसायची तिथे रीत आहे, आपण हातावर दही ठेवतो तशी. परतीच्या दिवशी आपणही हॉटेलात तसे बसणार आहोत, म्हणून त्या सकाळी दहा मिनिटं लवकर खाली या.